साठीनंतरचा वॉल्ट्झ, दादऱ्याच्या ठेक्यावर

शहापूर-मुरबाडच्या एखाद्या गावात सप्ताह बसला, की संध्याकाळच्या हरिपाठाला साठी-सत्तरीची माणसं समोरासमोर रांगा धरून पावली खेळतात. गळ्यात टाळ, पावलं तालात पुढे, तशीच मागे, मध्येच कमरेतून वाकून उठणं, आणि मृदंगानं लय वाढवली की एखादी उडीसुद्धा. याच मंडळींना ‘जोडीनं वॉल्ट्झ शिका’ म्हणून पाहा, ‘या वयात हे काय थेर?’ असंच उत्तर येईल. माझं मत मात्र ठाम आहे. बॉलरूम नाच उतारवयात शिकायला जी तयारी लागते, तिच्यातली निम्मी पावलीनं आधीच करून घेतलेली असते.

लोकलज्जेचं म्हणाल, तर ती वॉल्ट्झच्या मायदेशीही होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नामध्ये हा नाच फोफावला आणि स्त्री-पुरुषांनी एकमेकांना धरून गिरक्या घ्याव्यात याचा युरोपातल्या थोरामोठ्यांना धक्का बसला. 1816 साली लंडनच्या ‘टाइम्स’नं दरबारी मेजवानीत वॉल्ट्झ झाला म्हणून जाहीर नापसंती छापली होती. आज गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात आजी-आजोबा जोडीनं उठले, तर कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आणि आपल्याच डोंगरपट्ट्यात वारली स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून तारप्याभोवती नाचतात, म्हाताऱ्यांसकट.

आता प्रत्यक्ष पावलांकडे येऊ. वॉल्ट्झ तीन मात्रांचा. नेणाऱ्यानं पहिल्या मात्रेला डावा पाय पुढे टाकायचा, दुसरीला उजवा बाजूला, तिसरीला डावा त्याच्याजवळ आणून जुळवायचा. मग चौथीला उजवा पाय मागे, पाचवीला डावा बाजूला, सहावीला उजवा जवळ. जमिनीवर एक चौकोन पुरा होतो. समोरची व्यक्ती याच्या बरोबर उलट, म्हणजे आधी उजव्या पायानं मागे जाते.

नवशिक्याचा गोंधळ इथेच होतो. पावली बहुधा भजनी ठेक्यावर, आठ मात्रांवर चालते, त्यामुळे सम दर वेळी त्याच पायावर येते. वॉल्ट्झमध्ये एकदा डाव्यावर, पुढच्या खेपेला उजव्यावर. सवयीचा पाय आधी उचलला जातो आणि जोडीदाराच्या बोटांवर पडतो. त्यावर तोडगा आपल्या तबलजीकडे आहे. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन भाग: धा धिं ना, धा तिं ना. ‘धा धिं ना’ला डावा पाय निघतो, ‘धा तिं ना’ला उजवा, आणि एका आवर्तनात चौकोन पुरा. दादऱ्यात बांधलेली भजनं ज्यांनी वर्षानुवर्षं गायली, त्यांना वेगळे आकडे मोजायची गरज नाही. इंग्रजी पद्धतीच्या संथ वॉल्ट्झची लय मिनिटाला साधारण 84 ते 90 मात्रा असते. शिकताना ती याहूनही खाली आणावी. व्हिएन्नाचा वॉल्ट्झ जवळपास दुप्पट वेगाचा, त्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये.

एवढा खटाटोप का करायचा? न्यूयॉर्कमध्ये 75 च्या पुढच्या 469 लोकांची अनेक वर्षं पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2003 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. शारीरिक हालचालींच्या छंदांपैकी स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला तो एकट्या नाचाचा. नाचल्यामुळेच धोका टळला असं त्यातून सिद्ध होत नाही, मुळात तल्लख माणसंच जास्त नाचत असतील. पण नाचात काय घडतं ते पाहा: कान ताल धरतो, डोकं पुढचं पाऊल आठवतं, समोरच्याच्या धडाची हालचाल ओळखून शरीर वळतं, आणि हे सगळं एकाच वेळी. कंपवाताच्या रुग्णांना टँगो, वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट शिकवून अमेरिकेत प्रयोग झाले, त्यात त्यांचा तोल सुधारलेला दिसला. घरातल्या घरात पडून खुब्याचं हाड मोडणं ही म्हातारपणाची मोठी भीती. तिच्यापुढे तोल सावरण्याची सवय ही फार मोलाची कमाई आहे.

काळजी मात्र गुडघ्याची घ्यावी. रबरी तळव्याचे बूट फरशीला चिकटतात, अंग वळतं, पाय वळत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. मागे पट्टा नसलेली चप्पल तर निसटतेच. पायाला घट्ट बसणारं, गुळगुळीत चामडी तळव्याचं पादत्राण बरं, फरशी मात्र कोरडी हवी. सुरुवातीचे काही आठवडे गिरकी नकोच. मागे जाण्याचा सराव भिंतीलगत करावा. चक्कर, रक्तदाब किंवा सांध्यांचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

जोडीदार नसला तरी अडत नाही. फुगडी घालणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. दोघींनी मिळून शिकावं, एकीनं न्यावं, दुसरीनं साथ द्यावी, मग अदलाबदल करावी. मोबाइलवरच्या व्हिडिओवरून शिकत असाल, तर शिकवणारा तोंड आपल्याकडे करून उभा नाही ना, ते पाहा. तसा असेल तर त्याचा डावा तो आपल्या उजव्या हाताला दिसतो आणि सगळं उलटंपालटं होतं.

क्लासेस कल्याण-ठाण्याकडे. आसनगाव-वाशिंदहून निदान लोकल तरी आहे, मुरबाडला तीही नाही, एसटीच धरावी लागते. या वयात रात्रीचा तो प्रवास कुणी करावा असं मला वाटत नाही. त्यापेक्षा एखाद्या जाणत्या शिक्षकाला महिन्यातून एकदा गावात बोलवावं आणि बाकीचे दिवस सराव करावा. ग्रामपंचायतींनी आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिर त्यासाठी उघडून द्यावं, भजनी मंडळानं तबलजी द्यावा. भाताची झोडणी उरकली की राबाच्या कामांपर्यंत हाताला थोडी उसंत असते. यंदा त्या दिवसांत सुरुवात कराच.