जुन्या तीनचाकीचे सुटे भाग : शोध आणि पारख

यंत्राला म्हातारपण दोन वाटांनी येते. एक, त्याचे भाग झिजतात. आणि दुसरे, ते भाग घडविणारा कारखाना ते घडविण्याचे थांबवितो. पहिले म्हातारपण चांगला कारागीर दूर करू शकतो. दुसऱ्यापुढे नुसते हातकसब पुरे पडत नाही. तेथे शोधकाची बुद्धी लागते. हा शोध कसा करावा, हे आज एका विशिष्ट गाडीच्या उदाहरणाने सांगण्याचा विचार आहे. ती गाडी म्हणजे होंडा कंपनीची ए.टी.सी. ९० ही तीनचाकी.

आपल्या रस्त्यांवरील प्रवासी रिक्षाशी तिचे नाते केवळ चाकांच्या संख्येपुरते आहे. ही गाडी वाळूत, चिखलात, बर्फात, वाट नसलेल्या रानात एकट्या माणसाने चालवावयाची. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप मंदावतो, तेव्हा विकता येईल असे काही द्या, अशी मागणी होंडाच्या अमेरिकेतील शाखेने केली होती. त्यावर जपानमधील अभियंते ओसामु ताकेउची यांनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंतच्या रचना करून पाहिल्या आणि अखेरीस तीन चाके पसंत केली. १९७० साली ही गाडी यू.एस. ९० या नावाने अमेरिकेत विक्रीस आली. पुढे तिचेच नाव ए.टी.सी. ९० झाले. तिला स्प्रिंगा नव्हत्या. फुग्यासारखे मोठे, अगदी कमी हवेचे टायर हेच तिचे धक्के सोसण्याचे साधन होते.

पुढे अशा गाड्यांचे अपघात फार वाढले. जखमी आणि मृतांत मुलांची संख्या मोठी होती. अमेरिकी सरकार व उत्पादक यांच्यात झालेल्या तडजोडीला १९८८ साली न्यायालयाची मान्यता मिळाली आणि तेथे नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री थांबली. २००८ च्या कायद्याने त्या बंदीला अधिक बळकटी आली. मात्र लोकांच्या कोठारांत व गोठ्यांत उभ्या असलेल्या गाड्या तशाच राहिल्या. आज त्यांना पुन्हा चालत्या करण्याची हौस पुष्कळांना आहे, आणि त्या हौशीच्या वाटेत सुट्या भागांचा प्रश्न उभा आहे.

या शोधाचे पहिले सूत्र असे, की प्रत्येक भागाला भावकी असते. कारखाना नवी गाडी काढतो तेव्हा तिचा प्रत्येक खिळा नव्याने घडवीत नाही. आधीच्या गाड्यांचे भाग उचलतो. ए.टी.सी. ९० चे एंजिन होंडाच्या ९० सी.सी.च्या मोटारसायकलींच्या कुळातले आहे. त्या मोटारसायकली लाखोंनी खपल्या, म्हणून एंजिनाच्या अंतर्भागातील पुष्कळसे सामान आजही मिळते. याउलट जो भाग केवळ या तीनचाकीसाठीच जन्मला, त्याला भावकी नाही, तो दुर्मिळ.

ही भावकी ओळखावी कशी? भागाच्या क्रमांकावरून. होंडाच्या क्रमांकाचे तीन तुकडे असतात. पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात : १३०११ म्हणजे पिस्टनच्या रिंगा, १६१०० म्हणजे कार्बुरेटर. मधले तीन आकडे तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी आखला ते सांगतात, आणि शेवटचे आकडे त्यातील फेरफार. म्हणजे आपल्या गाडीच्या कॅटलॉगमध्ये एखाद्या भागाच्या मधोमध दुसऱ्याच गाडीची खूण दिसली, तर तो भाग उसना घेतलेला आहे असे समजावे आणि त्या दुसऱ्या गाडीच्या नावाने शोध सुरू करावा. म्हणून हत्याराच्या पेटीआधी मूळ कॅटलॉग मिळवावा. विक्रेत्याच्या ‘बसेल हो’ या आश्वासनापेक्षा तो अधिक विश्वासाचा.

दुसरे सूत्र याहून सोपे आहे. काही भाग कोणत्याच गाडीचे नसतात. ते साऱ्या जगाचे असतात. बेअरिंगवर ६२०४ असा आकडा कोरलेला असेल, तर शेवटच्या ०४ ला पाचाने गुणावे : आतील छिद्र २० मिलिमीटर. त्याचा बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर, हे माप जपानात, अमेरिकेत आणि आपल्या गावातील बेअरिंगच्या दुकानात एकच. ऑइल सीलवर आतील व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी बहुधा छापलेली असते. ४२८ क्रमांकाच्या साखळीतील पहिला ४ म्हणजे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच. दोन पिनांमधील अंतर तेवढे. असे भाग गाडीचे नाव सांगून मागितले तर ‘मिळत नाही’ असे उत्तर येते आणि माप सांगून मागितले तर हातात पडतात. म्हणूनच जुना भाग, कितीही मोडका असो, नवा बसेपर्यंत टाकू नये. त्याच्या अंगावर त्याचा पत्ता असतो.

पिस्टनच्या बाबतीत कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. झिजलेला सिलिंडर बोअर करून त्यात पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटर मोठा पिस्टन बसवितात. परंतु हवे ते माप बाजारात असेलच असे नाही. यास्तव सिलिंडर आधी मोजावा, पिस्टन हाती घ्यावा, आणि मगच त्या पिस्टनच्या मापाने लेथवाल्याकडून बोअर करवून घ्यावा. उलट क्रम केल्यास बोअर केलेला सिलिंडर पिस्टनची वाट पाहत पडून राहतो.

खरी कसोटी लागते ती टायरांपाशी. आरंभीच्या गाड्यांना वेगळी पोलादी रिम नव्हती. शेतातील कापलेल्या पिकाचे खुंट टायरात घुसत, म्हणून १९७५ साली पोलादी चाके व चिवट रबर आले. त्या आधीचे टायर आता मिळणे अत्यंत कठीण; बहुतेक जण नंतरची चाके बसवितात. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या गाडीचा मागचा ॲक्सल अखंड आहे. मोटारगाडीप्रमाणे वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक फिरू देणारी योजना तिच्यात नाही. दोन्ही चाके सारखीच फिरतात आणि चालकाने अंग कलवून आतल्या चाकावरील भार कमी करावा लागतो. अशा गाडीला मागे दोन वेगळ्या घेराचे टायर लावले, किंवा त्यांतील हवेत फरक ठेवला, तर ती एका बाजूला ओढत राहते. तेव्हा मागील टायर जोडीनेच घ्यावेत. त्यांतील हवा दर चौरस इंचाला अवघी दोन-अडीच पौंड असावी लागते, आणि ती मोजण्यास मोटारीचे मापक निरुपयोगी. कमी दाबाचे निराळे मापक हवे.

उरलेल्या भागांसाठी पुष्कळ जण दुसरी मोडकी गाडी विकत घेतात आणि दोहोंतून एक उभी करतात. हा मार्ग व्यवहार्य खरा. पण प्रत्येक वेळी जगातील एक गाडी कमी होते, हे विसरू नये. जी थोड्या खर्चात उभी राहू शकते ती मोडू नये.

शेवटी एक मर्यादा सांगितली पाहिजे. दिव्याची काच, बैठकीचे कापड, टाकीवरील चिन्ह जुने मिळाले तर आनंदच. नकली बसविले तरी कोणाचा जीव जात नाही. परंतु ब्रेकचे अस्तर, पुढचा फोर्क, ॲक्सल आणि त्यावरील हबचे खाचे यांच्या बाबतीत ‘मूळचा आहे’ ही शिफारस पुरेशी नाही. पन्नास वर्षांचे अस्तर पेटीबंद असले तरी ते पन्नास वर्षांचेच. तडा गेलेला फोर्क अस्सल असला तरी तो तडा गेलेलाच. अशा गाड्या माणसाला पाडू शकतात, या चिंतेतूनच त्यांची नव्याने विक्री थांबली होती. तिचा जीर्णोद्धार करणाऱ्याने तो इतिहासही तिच्याबरोबर स्वीकारला पाहिजे. आणि गाडी सुरू झाली म्हणजे घरातील मुलाच्या हाती ती देण्याचा मोह आवरला पाहिजे.