ठिपके गोल फिरतायत, लॅपटॉप सुरूच होत नाही?

बुटीबोरी एमआयडीसीतल्या मित्रांनो, शिफ्टला निघायच्या घाईत लॅपटॉप उघडावा आणि पडद्यावर नुसते ठिपके फिरत राहावेत, हे माझ्यासोबत मागच्या आठवड्यात झालं. अशा वेळी लगेच फॉरमॅट मारू नका. बहुतेकदा आपल्या फाइली जागेवरच असतात.

आधी पेनड्राइव्ह, डोंगल, प्रिंटर सगळं काढा. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पॉवर बटण 30 सेकंद दाबून ठेवा आणि मग पुन्हा चालू करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर ठिपके फिरत असतानाच पॉवर बटण दाबून ठेवून लॅपटॉप बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की विंडोजचा दुरुस्तीचा पडदा आपोआप उघडतो. पण ‘अपडेट सुरू आहे’ असं दिसत असेल तर मात्र थांबा, बटणाला हात लावू नका. दुरुस्तीच्या पडद्यातून सेफ मोडमध्ये जाता येतं, शेवटचं अपडेटही काढता येतं. माझ्या लॅपटॉपमधला दोष एका नव्या ड्रायव्हरमध्ये होता. सेफ मोडमध्ये तो काढला आणि लॅपटॉप सुरू झाला.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक अडकले होते. तेव्हाही सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणं, हाच मुख्य उपाय होता.

एक महत्त्वाचं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर दुरुस्तीच्या वेळी 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघून आजच वहीत लिहून ठेवा.