वस्तीतल्या बाजारात मेक्सिकोची पोळी

दिल्ली, गुरुग्राम किंवा नॉयडा येथील एखाद्या वस्तीच्या बाजारात आठ-दहा मेजांचे मेक्सिकन उपाहारगृह दिसले, तर मराठी कुटुंबाने बिचकण्याचे कारण नाही. परकी आहेत ती केवळ नावे. ‘टाको’ म्हणजे दुमडलेल्या पोळीत घातलेली भाजी वा मांस, ‘बुरितो’ म्हणजे त्याच पोळीची सारण भरून केलेली वळकटी. टोमॅटो, कांदा, मिरची व कोथिंबीर बारीक चिरून वर लिंबू पिळले की झाला ‘साल्सा’. आपण त्यास कोशिंबीरच म्हणू. राजमा तर दिल्लीकरांस घरचाच वाटतो. परंतु राजमा, मिरची, टोमॅटो, मका, इतकेच नव्हे तर घोलवडचा चिकूदेखील मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय जहाजांतून ही मंडळी आपल्याकडे आली.

खरा प्रश्न पोळीचा. तिला तिकडे ‘तोर्तिया’ म्हणतात. ती मक्याची की मैद्याची, हे वाढप्यास अवश्य विचारावे. आपल्याकडे बहुधा मैद्याचीच मिळते. तिला नकली म्हणता येणार नाही, कारण उत्तर मेक्सिकोत गव्हाचीच पोळी रूढ आहे. तथापि मक्याच्या पोळीमागचे शास्त्र काही निराळेच. आपली मक्याची भाकरी थापताना कडेला चिरते, हा गृहिणींचा नित्याचा अनुभव. मेक्सिकोत मात्र मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी धुऊन साले काढतात आणि वाटतात. पूर्वी हे वाटण पाट्यावरच होई. चुन्याने पीठ चिकट होते आणि पोळी मोडत नाही. शिवाय मक्यातील नियासिन हे जीवनसत्त्व त्यामुळेच शरीरास मिळते. युरोपने मका नेला, पण चुना मागेच राहिला. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या गोरगरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने हजारो बळी घेतले. विड्याला लावावयाचा चुना आपल्या घरात होताच. मक्याला मात्र तो कोणी लावला नाही!

याच मक्यावर एका मराठी माणसाने मेक्सिकोत संशोधन केले. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे तेथील चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक होते. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ साली, म्हणजे फारच उशिरा. मैद्याच्या पोळीलाही मेक्सिकोचा संबंध आहेच. दिल्लीच्या पुसा संस्थेत चाचण्या झाल्यावर १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणविले. त्या वेळी मेक्सिकोचे राजदूत म्हणून कवी ओक्ताव्हियो पास दिल्लीतच होते. मेक्सिकोचा ‘मोले’ हा मिरचीचा दाट रस्सा आणि आपली करी यांतील साम्याचे त्यांना पुढेही कौतुक वाटत राहिले.

शाकाहारी मंडळींनी एक चौकशी करावी. मेक्सिकोत राजमा परतताना व गव्हाची पोळी करताना डुकराची चरबी वापरण्याची चाल आहे. आपल्याकडे सहसा तेलच असते, तरी विचारलेले बरे. कुरकुरीत, होडीच्या आकाराचा टाको ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आवड. मेक्सिकोतला मऊ असतो, आणि तो हातानेच खावयाचा असतो.