पुरेसे कोणाला?

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला परवा विचारले, “पदवी झाली, नोकरी लागली, दिव्यात घर झाले. आता आणखी काय हवे?” प्रश्न आपुलकीचा होता, तरी टोचला. माझी आजी बलुत्याची भाकर मागून आणी. तिलाही गाव हेच विचारी : पोटाला मिळते ना, मग?

समाधान हा सद्गुण आहे, याबद्दल वाद नाही. ते कोणी कोणाला शिकवायचे, हा वाद आहे. सामर्थ्य असले तरी शूद्राने धनसंचय करू नये, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. म्हणजे आपल्या वाट्याचे ‘पुरे’ मनःशांतीतून आलेले नाही. ते वरून लादलेले आहे. महार वतन त्याच साच्यातले. थोडी जमीन, थोडे बलुते आणि त्या बदल्यात रात्रंदिवस राबणूक. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. प्रत्यक्षात ही वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. तुटपुंजी भाकरसुद्धा माणसाला किती घट्ट बांधून ठेवते, ते यावरून कळावे.

बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथावर १९१८ साली लिहिताना बाबासाहेबांनी संपत्तीच्या सरसकट निंदेला हरकत घेतली होती. पैशाची ओढ चांगली की वाईट, हे तो कशासाठी हवा आहे यावरून ठरते, असा त्यांचा मुद्दा होता.

मग बुद्धाने तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले, त्याचे काय? असे विद्यार्थी विचारतात. उत्तर असे की तृष्णा आणि गरज एक नव्हेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ दारिद्र्याचा गौरव करीत नाही. परिस्थितीपुढे मान तुकवण्यालाही तो संतोष म्हणत नाही. जी हाव दुसऱ्याच्या ताटातले ओढते, ती तृष्णा. आपले ताट मागणे हा हक्क.

आमच्या दिव्याचेच पाहा. येथे वर्षानुवर्षे फक्त धीम्या लोकल थांबत. जलद गाड्या डोळ्यांदेखत निघून जात. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्या खोळंबल्या आणि प्रवासी रुळांवर उतरले. दगडफेकही झाली, तिचे समर्थन करता येणार नाही. पण त्या संतापामागची मागणी साधी होती : कामावर जाताना जीव जाऊ नये. डिसेंबर २०१६ मध्ये काही जलद लोकल दिव्याला थांबू लागल्या. ‘मिळाले ना, आता गप्प बसा,’ असे तेव्हाही म्हणता आले असते. पण ९ जून २०२५ रोजी शेजारच्या मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलमधून माणसे पडली आणि मेली. दारात लोंबकळणाऱ्याला डब्यात उभे राहायला जागा हवी असेल, तर त्याला हावरट कोण म्हणेल?

म्हणून कार्यकर्त्यांनी कसोटी पक्की ठेवावी. मागणीने माणूस ताठ उभा राहतो की दुसऱ्याला वाकवतो, हे पाहावे. ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. घर झाल्यावर मी दुसरा फ्लॅट घेण्याच्या विचारात गुंतलो आणि वस्तीतल्या मुलांची शिकवणी बंद केली, तर तिथे मात्र मला कोणीतरी ‘पुरे’ म्हणावे.

सहकाऱ्यांना मी एवढेच सांगितले, “सर, माझ्यापुरते पुरेसे आहे. आमच्यापुरते अजून नाही.”