मारिओची खरी चाल

शार्पच्या ट्विन फॅमिकॉमवर खेळायला बसलं की आधी एक खटका सरकवून ठरवावं लागतं: कॅसेट की डिस्क. निन्टेन्डोने 1983 साली जपानात फॅमिकॉम हा व्हिडिओ गेम आणला, 1986 च्या फेब्रुवारीत त्याला जोडायचा डिस्क ड्राइव्ह काढला, आणि त्याच वर्षी जुलैत शार्पने निन्टेन्डोच्या परवान्याने दोन्ही यंत्रं एकाच खोक्यात बसवून बाजारात आणली. किंमत 32,000 येन. रंग दोनच, लाल आणि काळा. माझा लाल. दिवाणखान्यात ठेवला की पाहुणे आधी विचारतात, हे स्वयंपाकघरातलं काही आहे का?

जपानी बाजारासाठीचं हे यंत्र आपल्याकडे चालवायचं म्हणजे पहिली तडजोड विजेशी. तिथली घरगुती वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची. मूळ अॅडॉप्टर आपल्या प्लगमध्ये खुपसला तर धूर निघणारच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवे तेवढे, पण दुकानदार 110 चा पुढे करतो. "अमेरिकेहून आलेल्या मिक्सरला हाच देतो साहेब, काही होत नाही." मी 100 चाच मागून घेतला.

नुसता फॅमिकॉम न घेता ट्विनच का, याचं कारण मागच्या बाजूला आहे. मूळ फॅमिकॉम चित्र पाठवतो अँटेनाच्या वायरीतून, जपानी चॅनेलच्या फ्रिक्वेन्सीवर. आपल्या टीव्हीला ते सापडत नाही. ट्विनला मात्र सरळ व्हिडिओ आणि ऑडिओची भोकं आहेत. समोर टीव्ही जुना, काचेच्या नळीचाच हवा. नव्या सपाट टीव्हीवर बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत कणभर उशीर होतो आणि तेवढ्यात मारिओ खड्ड्यात. माझा टीव्ही भंगारवाल्याकडचा, आणि तोही खास जपून ठेवलेला; अशी गिऱ्हाइकं हल्ली वाढलीत, असं तो म्हणतो.

खरी मशागत डिस्कची. ही डिस्क पिवळी, तळहातात मावणारी, खाली निन्टेन्डोची अक्षरं कोरलेली. ती अक्षरं शोभेची नाहीत. ड्राइव्हच्या आत त्यांना जुळणारा साचा आहे, खाचा बसल्या तरच डिस्क आत जाते. नकली डिस्क बाहेर ठेवायची ही निन्टेन्डोची युक्ती. नकली डिस्क बनवणाऱ्यांनीही आपल्या डिस्कवर योग्य जागी खड्डे पाडून ती उलटवली. दोन्ही बाजू मिळून जागा 112 किलोबाइट. पहिला सुपर मारिओ 40 किलोबाइटच्या कॅसेटमध्ये होता, त्या मानाने ही चैनच. शिवाय खेळाचा कंटाळा आला की खेळण्यांच्या दुकानातल्या यंत्रावर तीच डिस्क 500 येनमध्ये नव्या खेळाने भरून मिळे. ही सोय, शेवटी शेवटी फक्त निन्टेन्डोकडे, 2003 पर्यंत चालू होती.

या डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एकच लांब वळणदार रेघ असते. वाचणारं डोकं बाहेरच्या कडेपासून आत जातं, वाटेत कुठे थांबत नाही, आणि शेवटी 'टक्क' करून मूळ जागी परततं. हे सगळं एकाच मोटरवर, आणि मोटरपासून चाकापर्यंत गती नेतो एक बारीक रबरी पट्टा. हा पट्टाच या यंत्राचा मृत्यू. तो तुटत नाही, वितळतो. ड्राइव्ह उघडला की पुलीवर काळा चिकट लगदा दिसतो. बोटाला लागला तर साबणाने निघत नाही. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सबुरी. खाच न् खाच पुसून झाली की नवा पट्टा चिमट्याने चढवायचा, तोही पीळ न पडता. मग मोटरचा वेग. तो जरा कमी-जास्त झाला तरी रेघेवरची अक्षरं यंत्राला वेळेवर भेटत नाहीत आणि पडद्यावर कोरडा एरर नंबर येतो. मोटरच्या पाठीवरचा स्क्रू केसभर फिरवायचा, डिस्क घालायची, कान देऊन ऐकायचं. सगळं जमलं की खर्रर्र आवाज एकसारखा येतो. तो कानाला कळतो, मीटर लागत नाही.

आणि मग वेगाचीच दुसरी गंमत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघर आलेले समुराई, मीडिया, लिटल मास्टर हे गेम फॅमिकॉमचेच अवतार होते. खाचही तीच, साठ पिनांची. म्हणून माझी जुनी कॅसेट ट्विनमध्ये चपखल बसली. मारिओ सुरू झाला आणि मी चक्रावलो. तो धावत सुटला होता. जपानी टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवतो, आपला पाल पद्धतीचा पन्नास वेळा, आणि हे खेळ वेळ मोजतात ते चित्रं मोजून. म्हणजे आपण लहानपणी जो मारिओ खेळलो तो सहाव्या हिश्शाने मंद होता. संगीतही तसंच: सूर जवळजवळ तेच, लय मात्र आपल्याकडे विलंबितात गेलेली. वाड्यात माझ्याइतका पटाईत कोणी नव्हता, या समजुतीचा थोडा भाग आता पाल पद्धतीच्या खात्यावर टाकावा लागतो.

जपानी डिस्कवर आणखी एक चैन आहे. दुसऱ्या कंट्रोलरमध्ये माइक असतो, आणि 'झेल्डा' या खेळात लांब कानांचे प्राणी भेटले की त्यात ओरडायचं, ते मरतात. अमेरिकेतल्या यंत्राला माइकच नाही. शेजारच्या काकूंना हे समजावून सांगणं झेल्डापेक्षा अवघड गेलं.

सध्या ड्राइव्हमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स 2' आहे. हा जपानी दुसरा भाग, 1986 चा, केवळ डिस्कवर आलेला आणि सरळसरळ दुष्ट. पहिल्याच पातळीत विषारी अळंबी निघते. तिसऱ्या जगात मोठ्या मेहनतीने गुप्त पाइप शोधावा, तर तो मागे, पहिल्या जगात नेऊन टाकतो. काही ठिकाणी वारा सुटून उडी लांबवतो. आणि हे सगळं साठच्या वेगाने. माझा भाचा चौथ्या जगात पोचलाय. पन्नासची सवय त्याला कधी लागलीच नव्हती.