मराठी यादीतली चिन्हे: समजुती आणि वस्तुस्थिती

सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्रापाशी लावलेली सूचनापत्रिका असो, की १९८९ पासून नाशकातून चालणाऱ्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे पुस्तक असो, ते वाचणारा बहुधा एकटाच असतो. शंका विचारायला शेजारी कोणी नसते. म्हणून अशा मजकुरातली यादी नेटकी हवी, आणि तिथेच काही चुकीच्या समजुती आड येतात.

एक समजूत अशी, की इंग्रजी यादीतला प्रत्येक मुद्दा मोठ्या अक्षराने सुरू होतो, तेव्हा मराठीत निदान पहिला शब्द ठळक हवा. मुळात इंग्रजीतही यावर एकमत नाही. मायक्रोसॉफ्टची लेखनपुस्तिका मोठे अक्षर सांगते, तर ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाची लहान. देवनागरीत तर हा भेदच नाही. मुद्दा कुठे सुरू झाला ते क्रमांक आणि नवी ओळ सांगतात. ठळक ठसा ‘आधी वीज बंद करा’ अशा इशाऱ्यासाठी राखावा.

ओळीअखेर पूर्णविराम हवाच, तसा साहित्य महामंडळाचा नियम आहे, असेही ऐकू येते. महामंडळाचे १८ नियम अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ अशा बाबींचे आहेत. यादीतल्या विरामचिन्हांचा त्यांत उल्लेख नाही. ही चिन्हे मराठीत रुजली तीच एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या पुढाकाराने. ‘तेलाची पातळी तपासा.’ हे वाक्य आहे, त्याला पूर्णविराम द्यावा. पाना, ग्रीस, हातमोजे ही नुसती नावे आहेत, त्यांना नको. एकाच यादीत दोन्ही मिसळू नयेत, एवढे पथ्य पुरे.

सर्वांत नुकसान करणारी समजूत म्हणजे अपूर्णविराम आणि विसर्ग एकच. दोन्हींत दोन टिंबेच दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे संकेतांक वेगळे आहेत. विसर्ग आधीच्या अक्षराचा भाग असतो. अपूर्णविराम स्वतंत्र चिन्ह आहे. ‘साहित्य’पुढे विसर्ग पडला, तर यादीचे शीर्षकच अशुद्ध होते. जुन्या छापील पुस्तकांत अपूर्णविरामाला जोडून आडवी रेघ दिसते, तिच्यामुळे विसर्गाचा भास होत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून संयोगचिन्हाची कळ दाबली की विसर्ग उमटतो.

पुढची सूचनापत्रिका छपाईला देण्यापूर्वी संगणकावर ‘स्वतः’ हा शब्द विसर्गासह शोधून पाहा. डोळ्यांना दिसतो आणि शोधात सापडत नाही, तिथे बहुधा अपूर्णविराम बसलेला असतो. तो काढून विसर्ग घाला.