कडक पोलादाची छुपी चीर



लोखंड गंजतं हे आपल्याला नवं नाही. तो गंज दिसतो, खरवडता येतो, वर रंग मारता येतो. परंतु एक प्रकार असा आहे की बोल्ट बाहेरून नवाकोरा दिसतो आणि एके दिवशी काडीसारखा मोडतो.

ठाणे खाडीचेच उदाहरण घ्या. मानखुर्द व वाशी जोडणारा पहिला खाडीपूल १९७३ साली खुला झाला. त्याच्या काँक्रीटमध्ये ताणून बसविलेल्या पोलादी तारांच्या केबली होत्या. खारी हवा व ओल आत पोहोचली, केबली गंजल्या आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल आला. गोव्यात तर ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. त्यामागेही अशाच केबलींचा गंज होता.

कारण काय? पोलाद जितकं कडक तितकं ते चिरेला हळवं. सतत ताण आणि जोडीला मीठ किंवा ॲसिड असलं की बारीक चीर पडते व आत सरकत जाते. दुसरा शत्रू हायड्रोजन. ॲसिडने धुताना, जस्ताचा मुलामा देताना आणि गंजतानाही त्याचे अणू पोलादात शिरतात. मऊ लोखंड ते सोसतं, कडक पोलाद ठिसूळ होतं. असा बोल्ट आवळताना टिकतो आणि काही तासांनी वा दिवसांनी तुटतो. म्हणूनच जाणकार कारखानदार मुलाम्यानंतर असे बोल्ट लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून घेतात.

आता आपल्या कामाचं. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. आकडा मोठा तितका बोल्ट कडक. ट्रॉलीला ८.८ चा बोल्ट असेल तर 'जास्त मजबूत' म्हणून १२.९ चा घालू नका. होता त्याच आकड्याचा घाला. गंज काढायला कडक बोल्ट वा पिन ॲसिडात बुडवू नका. तारेच्या ब्रशने घासा आणि ऑईल लावा. खत वाहिल्यावर ट्रॉली धुवा. चीर दिसली तर वेल्डिंग मारून वेळ निभावू नका, सरळ बदला.

उसाने भरलेल्या ट्रॉलीच्या मागे रस्त्यावर माणसं असतात. गाळप हंगामाआधी एक दिवस काढून हूक, पिन व बोल्ट नीट तपासावेत, ही सर्व वाहतूकदार बंधूंना विनंती.